चांगुलपणाची साक्ष द्यायला आलेल्या बायका

शनिवारी शेठ दोषी ठरला आणि शिक्षेवरची सुनावणी सोमवारी ठेवली. मधल्या रविवारी लातुरातल्या झाडून सगळ्या प्रतिष्ठित माणसांना त्याच्या तब्येतीची काळजी लागली. सोमवारी सकाळी मी कोर्टात पोचले तर आवारात मोटारसायकल लावायलाही जागा नव्हती. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, बोटाबोटांत अंगठ्या, खिशात दोन-दोन मोबाईल. एवढी गर्दी मी आजवर निवडून आलेल्या माणसाच्या दारातच बघितली होती. करचोर म्हणून कोर्टानं शिक्का मारला की माणसाची पत वाढते, हे मला त्या दिवशी कळलं. कुणी हार आणला नव्हता, एवढंच काय ते कमी.

मी पत्रकं लिहिते. आमची चार-पाच जणांची संघटना आहे. रेशन, घरकुल, एसटीच्या फेऱ्या असले विषय घेऊन आम्ही एक पानी पत्रक काढतो आणि गंजगोलाईच्या बाजारात, बसस्टँडवर उभं राहून वाटतो. त्यामुळे एका पानात राग कसा बसवायचा ते हाताला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी पत्रकासाठी गेले नव्हते. त्या खटल्यातला दुसरा आरोपी माझे दाजी होते. मावसबहिणीचे मालक, राहणार लातूरजवळचं मुरुड, धंदा रिक्षा. आणि कोर्टाच्या कागदावर एका मोठ्या भंगार कंपनीचे एकुलते एक धनी.

बोगस बिलाचा धंदा समजायला सीए व्हावं लागत नाही. माल नाही, ट्रक नाही, गोदाम नाही, फक्त बिल. एका कागदी कंपनीनं खऱ्या कंपनीला भंगार विकलं असं बिल फाडायचं, त्यावर जीएसटी भरला असं दाखवायचं, आणि तो न भरलेला कर खऱ्या कंपनीनं आपल्या करातून वजा करून घ्यायचा. म्हणजे तिजोरीत हात घालायचा आणि वर पावती मागायची. शेठची तेलाची मिल खरी होती, सळईचं दुकान खरं होतं. त्यांच्या मागे त्यानं कागदी कंपन्यांची रांग लावून ठेवली होती. तपासात हाताला लागलेली सगळ्यात मोठी कंपनी दाजींच्या नावावर निघाली.

जीएसटीचे साहेब पहिल्यांदा मुरुडला दाजींच्या घरी आले तेव्हा त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना म्हणे. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात रिक्षा, रिक्षाच्या टपावर वाळत घातलेल्या गोधड्या.

"मालक कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"मालक लातूरला राहतेत," दाजी म्हणाले. "भाडं न्यायला येतेत पयल्या तारखेला."

"घराचा नाही हो. कंपनीचा."

"कोणच्या?"

साहेबांनी हातातल्या कागदावरचं नाव वाचलं. ते दाजींचंच होतं.

पुढे आणखी निघालं की ज्या 'ट्रक'मधून भंगार गेल्याचं दाखवलं होतं, त्यांत दाजींच्या रिक्षाचाही नंबर होता. दाजी अजून हे सांगताना हसतात. "माझ्या रिक्षात तीन बायका आन् एक गॅसची टाकी बसली की ती चढ चढत न्हाई. हितं म्हणतेत दहा टन भंगार घिऊन नांदेडला गेली." बिलं खोटी आहेत हे सिद्ध करायला सरकारला या रिक्षाचा फार उपयोग झाला. दाजींना काही झाला नाही. बिल खोटं, आणि बिलावर नाव दाजींचं.

त्यांना चार महिने आत काढावे लागले. शेठलाही अटक झाली होती, नाही असं नाही. आत गेल्या गेल्या त्याच्या छातीत कळ आली, आणि ती जामीन मंजूर होईपर्यंत काही केल्या उतरली नाही. दाजींच्या छातीत कधी कळ आली नाही. गरिबाची छाती मजबूत असते बहुतेक.

आता कायद्याची गंमत बघा. अशा गुन्ह्यात शिक्षेची पायरी रकमेवर ठरते. पाच कोटींच्या वर कर बुडवला की पाच वर्षांपर्यंत कैद. खास आणि पुरेसं कारण निकालपत्रात लिहून दाखवल्याशिवाय सहा महिन्यांच्या खाली येता येत नाही. ती रक्कम कुणाच्या पोटात गेली हे कोर्टानं नंतर बघायचं. म्हणजे जेवणारा आणि ज्याचं नाव ताटावर कोरलंय तो, दोघं एकाच पंगतीला. शेठला पाच वर्षं होऊ शकत होती. दाजींनाही पाचच.

दाजी दोषी कसे ठरले? आपल्या तोंडानं. जीएसटीच्या साहेबांना त्यांनी सांगितलं होतं, कर्जासाठी कागद दिले होते. कुणाला दिले? ओळखीच्या माणसाला. कोण ओळखीचा? ध्यानात न्हाई. फोनवर आलेला नंबर सांगितला का? सांगितला. बँकेत जाऊन सह्या केल्या का? केल्या. कोर्टानं लिहिलं, एवढं सगळं करून ज्याला त्या माणसाचं नाव सांगता येत नाही, त्याला काहीच ठाऊक नव्हतं यावर विश्वास ठेवता येत नाही. आणि शेठच्या वकिलानं खटलाभर तेच पकडून ठेवलं होतं: कंपनी रिक्षावाल्याची, आमचा अशील फक्त त्याचं गिऱ्हाईक. ते काही कोर्टाला पटलं नाही, पण दाजीही सुटले नाहीत. निकाल वाचून मीसुद्धा मनातून दाजींवर चिडले होते. ध्यानात न्हाई म्हणजे काय? रिक्षावाल्याला गल्लीतल्या कुत्र्याचं नाव माहीत असतं.

तर सोमवारी ते कोर्टाच्या पायरीवर पिशवी घेऊन बसले होते. पिशवीत लुंगी, टॉवेल, दात घासायचं मंजन. जायची तयारी.

"काय पत्रकवाल्या बाई," मला बघून म्हणाले, "आज माझ्यावर पान काढणार का?"

"तुमच्यावर कशाला? तुमची तर पान-पानभर जाहिरात यायची. उद्योगपती तुम्ही."

"मग उद्योगपतीला च्या पाज की."

मी तीन चहा सांगितले.

सरकारतर्फे मिळालेला आमचा वकील नवखा होता, उदगीरकडचा. त्यानं मला त्या चहावर एक गोष्ट समजावली, जी कुठल्याही पत्रकात छापावी अशी आहे. म्हणाला, "शेठचा वकील निर्दोष सोडा म्हणून भांडणार नाही आता. तो तीन वर्षांसाठी भांडणार."

"तीन वर्षं मागून घेणार?"

"हो. जामिनावर असलेल्या माणसाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा झाली, तर शिक्षा देणारं कोर्टच ती अपिलासाठी थांबवून त्याला घरी सोडू शकतं. तीनच्या वर एक दिवस गेला की आत जावं लागतं, आणि मग वरच्या कोर्टाच्या दारात उभं राहावं लागतं. ह्यांना आज रात्रीचं जेवण घरी जेवायचंय."

"आणि दाजी?"

"सहा महिन्यांच्या खाली यायला कारण लागतं. गरिबी हे कारण सगळेच सांगतात. यांनी चार काढलेत. वरचे दोन, नाहीतर दोन वर्षं, काही सांगता येत नाही. मला कारण द्या, मी उभा राहतो."

माझ्याकडे कारण नव्हतं. पिशवीतल्या लुंगीकडे बघत मी ते शोधत होते, तेवढ्यात फाटकातून शेठची गाडी आली. शेठ नव्हता तिच्यात. टेम्पो ट्रॅव्हलर होती, आणि तिच्यातून बायका उतरायला लागल्या. एक उतरली, हिरवी साडी, लाल काठ. दुसरी उतरली, हिरवी साडी, लाल काठ. तिसरी, चौथी. मागे दुसरी गाडी. चाळीसेक बायका एका रंगात कोर्टाच्या आवारात उभ्या राहिल्या. शेठचा दिवाणजी त्यांना ओळीत लावत होता. "पदर नीट घ्या. आत गप बसायचं. जज मॅडमनी इचारलं तर हात जोडायचे."

या होत्या शेठच्या सामूहिक विवाहातल्या नवऱ्या. दर उन्हाळ्यात शेठ नांदेडला मोठा मांडव टाकायचा आणि एका मुहूर्तावर गरिबांची लग्नं लावायचा. सगळ्या नवऱ्यांना एकसारखी साडी, नवरदेवांना एकसारखा फेटा, भांड्यांचा सेट, आणि मंचावर शेठ. फोटोत जोडपी कायम मागच्या रांगेत. आता वकिलानं कल्पना काढली होती की शिक्षेच्या वेळी ही पुण्याई कोर्टापुढे जिवंत उभी करायची. दिवाणजीनं रविवारभर फोन केले: लग्नातली साडी नेसून या, गाडी पाठवतो, जेवण आहे, नवी साडी मिळेल.

आणि त्या हिरव्या ओळीत, शेवटून तिसरी, माझी ताई होती. दाजींची बायको.

मी तिच्याकडे बघतच राहिले. आम्हाला घरात सांगितलं होतं की ताईचं लग्न नांदेडला देवळात झालं, घाईत, चार माणसांत. मावशीनं माझ्या आईला तसं सांगितलं होतं, दाजींच्या घरच्यांनी मुरुडात तसं सांगितलं होतं. कुणी खोदून विचारलं नाही. आमच्याकडे लग्नाला उसनंपासनं केलं, मांडव उडाला, जेवणात भात कच्चा राहिला, सगळं चालतं. फुकट झालं हे चालत नाही. सामूहिकात लग्न लागलेल्या पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागतं, आणि नवऱ्याला तिच्याहून जास्त.

"ताई, तू हितं काय करायलीस?"

"काल फोन आला." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दिवाणजीचा. लग्नातली साडी नेसून या म्हणले, गाडी येईल. मला कोर्टात यायचंच होतं, एसटीचं तिकीट वाचलं."

"त्याला ठाऊक नाही का तुझा नवरा कोण आहे?"

"त्येनं नाव इचारलंच न्हाई. यादीतनं नंबर लावला, ताई बोलताव का म्हणला, हाव म्हणलं."

यांचं चांगुलपण असं घाऊक असतं. चाळीस बायका बोलवल्या, एकीचंही नाव विचारलं नाही.

मी तिला ओढून बाजूला घेणार तेवढ्यात शेजारची बाई, शिरूर अनंतपाळची, ताईला म्हणाली, "तुमचे मालक काय करतेत?"

"रिक्षा. पण आता केस चालू हाय त्यांच्यावर."

"कशाची?"

"जीएसटीची."

ती बाई म्हणाली, "आमच्या घरी बी एक कागद आलता जीएसटीचा. वर ह्यांचं नाव आन् म्होरं प्रोप्रायटर. सासरा गावभर सांगत सुटला, पोरगा साहेब झाला म्हणून."

पलीकडची म्हणाली, "आमच्याकडं दोन आले. आम्ही त्येच्यावर पापड वाळू घातले."

मग ती गोष्ट हिरव्या ओळीतून पुढे सरकत गेली. तुमच्याकडं आला का? हाव, आलता. आमच्याकडं न्हाई. आमच्या दिराच्या नावानं आला, त्येचं लगीन बी ह्याच मांडवात झालं. दिवाणजी लांब उभा राहून मोबाईलवर जेवणाच्या ताटांचा हिशेब सांगत होता.

"ताई," मी म्हटलं, "कागद कुठे दिले होते तुम्ही?"

तिनं पदर तोंडाला लावला. "मांडवात नाव नोंदवायला गेलो तवा. टेबल टाकला होता. आधार, फोटो, लाइट बिल, ह्यांचं पॅन. म्हणले, सरकारी अनुदान येणार हाय, फोनवर नंबर येईल तेवढा सांगा. मग ह्यांना बँकेत नेलं."

"आणि दाजींनी कर्ज सांगितलं? कोर्टात?"

"मग काय सांगणार? सामूहिकात लगीन झालं म्हणून? गावात वाचून दाखवतेत की निकाल."

म्हणजे एक माणूस चार महिने आत बसला, दोषी ठरला, पाच वर्षांच्या तोंडाशी उभा राहिला, पण आपलं लग्न फुकट लागलं हे त्याच्या तोंडून निघालं नाही. मला दाजींचा राग आला, आणि मग ज्यांनी ही लाज तयार केली त्यांचा आला, आणि मग शेठचा, ज्यानं ती लाज ओळखूनच बरोबर तिथे टेबल टाकला होता. ज्याच्या दारी गेल्याचं माणूस कधी कबूल करणार नाही, त्याच्या दारी चोरीला फार सोय असते.

मी पळत जाऊन आमच्या वकिलाला गाठलं. त्यानं ऐकलं, आणि पहिल्यांदाच मला त्याच्या चेहऱ्यावर वकील दिसला.

आत हायकोर्टातून आणलेल्या मोठ्या वकिलानं तासभर शेठचा चांगुलपणा वाचला. वय झालंय. बीपी आहे, शुगर आहे. पहिलाच गुन्हा. काही कर भरून टाकलाय. गावाच्या वेशीवर कमान बांधली, पाणपोई बांधली, स्मशानभूमीवर शेड टाकली. ही कामं लोकांच्या करातून व्हायची असतात. तो कर चोरायचा, त्यातल्या चिमूटभरातून शेड टाकायची आणि शेडवर आपलं नाव घालायचं. म्हणजे मेलेल्या माणसानंही जाता जाता वाचावं. दवाखान्याचे कागद, संस्थांची पत्रं, सत्काराचे फोटो, सगळं टेबलावर आलं. सरकारी वकिलांनी, आर्थिक गुन्हा थंड डोक्यानं केलेला असतो, असं एक वाक्य वाचलं, घसा खाकरला आणि पुन्हा तेच वाचलं.

जज मॅडमनी शेठला विचारलं, शिक्षेबद्दल काय म्हणायचंय. त्यानं हात जोडले. "मी समाजासाठी जगलो."

दाजींना विचारलं. ते म्हणाले, "मला दोन लेकरं हायत. रिक्षा हाय."

मग मोठ्या वकिलानं मागं हात केला. "मॅडम, या भगिनींचे संसार माझ्या अशिलानं उभे केले. एक-दोघींचं ऐकावं, ही विनंती."

मॅडमनी चष्म्यावरून त्या हिरव्या भिंतीकडे बघितलं. "एकीला विचारते."

दिवाणजीनं आधीच पढवलेली बाई पुढे आली. "शेठ देवमाणूस हाय," ती एका दमात म्हणाली. "बापानं लावलं नसतं असं लगीन लावलं."

मोठा वकील खाली बसला. आमचा उठला. "मॅडम, आरोपी क्रमांक दोनची पत्नी याच भगिनींमध्ये उभी आहे. तिलाही ऐकावं."

मोठ्या वकिलानं दिवाणजीकडे बघितलं. दिवाणजीनं साड्यांकडे बघितलं. सगळ्या सारख्याच होत्या.

"तिचा इथे काय संबंध?" मोठा वकील म्हणाला.

"तुमच्याच गाडीतून आली आहे ना?" मॅडम म्हणाल्या. "या पुढे."

ताई गेली. लग्न कुठे झालं, कागद कुणी घेतले, फोनवरचा नंबर कुणी मागितला, तिनं सगळं सांगितलं. आवाज बारीक होता, पण तिनं काही गाळलं नाही.

"हे खटल्यात का सांगितलं नाही?"

"लाज वाटली, मॅडम. गावात देवळात झालं म्हणून सांगितलंय. फुकटात झालं कळलं की माणसं पंगतीत वाढताना बी बोलतेत."

"तिला काय इचारता," पिंजऱ्यातून दाजी म्हणाले. "मीच म्हणलो होतो, कर्ज सांगू."

मॅडमनी बाकीच्या बायकांना विचारलं, आणखी कुणाच्या घरी असा कागद आलाय का. आधी शिरूर अनंतपाळच्या बाईचा हात वर गेला. मग पापडवालीचा. मग कितीतरी. सगळ्यात शेवटी त्या पढवलेल्या बाईनं, जिचा देवमाणूस अजून हवेत होता, हात अर्धा वर केला. "माझ्या बी घरी आलाय. दिवाणजीला दाखवला तर ते म्हणले, काई नसतं, चुलीत घाल."

मोठ्या वकिलानं त्यानंतर अर्धा तास, हे सगळं शपथेवर नाही, हे पुराव्यात धरता येणार नाही, असं सांगितलं. आपणच आणलेल्या चांगुलपणावर आपणच हरकत घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. बायकांना दुपारी जेवण मिळालं नाही. ताटं आधीच परत गेली होती. आम्ही वर्गणी काढून त्यांना बसस्टँडवर पुरी-भाजी खाऊ घातली आणि गाडीला लावून दिलं. नवी साडी तर राहूच द्या.

दुपारनंतर शिक्षा झाली. मॅडम हिशेबी निघाल्या. त्यांनी लिहिलं, बायकांचं बोलणं शपथेवर नाही म्हणून ते शेठविरुद्ध धरत नाही, पण जे समाजकार्य सौम्यतेसाठी पुढे केलं ते आता सौम्यतेसाठी धरता येत नाही. रक्कम मोठी, योजना आखून केलेली, वर्षानुवर्षं चाललेली. शेठला चार वर्षं. तीनच्या वर. शेठनं वकिलाकडे बघितलं, वकिलानं घड्याळाकडे. शेठच्या पोरानं पाण्याची बाटली पुढे केली, ती पोलिसानं बाजूला सारली. त्या एका क्षणासाठी मी जन्मभर पत्रकं वाटायला तयार आहे.

दाजींना, त्यांची भूमिका नावापुरती दिसते आणि ते स्वतः गरजू आहेत, अशी खास कारणं लिहून, आत काढलेले चार महिने हीच शिक्षा धरली. दंड किरकोळ. मग मॅडम थांबून म्हणाल्या, "दोषी ठरवल्याचा निकाल मी आता फिरवू शकत नाही. त्यासाठी तुम्हाला वर जावं लागेल."

बाहेर सगळ्यांनी दाजींना धरलं. सुटलास, सुटलास. मावशी रडली. संघटनेतल्या पोरांनी पत्रकाचं शीर्षकही ठरवलं, 'करचोर आत, कष्टकरी बाहेर'. दाजी आमच्या वकिलासमोर जाऊन उभे राहिले.

"सायेब, मी गुन्हेगार हाय का न्हाई?"

"शिक्षा संपली तुमची. घरी जा."

"ते कळलं. हाय का न्हाई?"

वकील म्हणाला, "कागदावर आहात."

"मग रिक्षाच्या बॅजला पोलिसाचा दाखला मागतेत, त्येच्यावर काय लिव्हतेल?"

बॅजशिवाय रिक्षात माणसं बसवता येत नाहीत, आणि गुन्हा नोंद असलेल्याला तो दाखला कोण देणार? माझ्या हातातलं पत्रकाचं शीर्षक मला तिथेच जड व्हायला लागलं.

त्यानंतर सगळे दाजींना शहाणपण शिकवायला लागले. जेल नाही ना, मग अपील कशाला? खर्च, तारखा, हेलपाटे. वर गेलास आणि वरच्यांनी उलट शिक्षा वाढवली तर? नात्यातल्या एका सासऱ्यानं तर सांगितलं, "बॅजचं बगू की, दे दुसऱ्याच्या नावावर रिक्षा करून." दुसऱ्याच्या नावावर करून देण्यात आम्ही लोक फार तरबेज. त्यातूनच शेठ पोसला जातो, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण कळून करायचं काय?

गावानंही आपलं काम केलं. मुरुडच्या चहाच्या गाड्यावर पोरं दाजींना 'फुकटातला नवरदेव' म्हणून हाक मारायला लागली. दाजींनी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "व्हय, फुकटात झालं. बायको चांगली मिळाली, भांडी बी टिकली. तुमचं कर्ज फिटलं का लग्नाचं?" मग हाक हळूहळू बंद झाली.

बॅजची मुदत संपली तेव्हापासून ते एका शेतकऱ्याच्या पिकअपवर माल भरायला जातात. रिक्षा दारात उभी आहे, तिच्यावर अजून गोधड्या वाळतात. ताई त्या घरात कुणालाही आधारची झेरॉक्स देत नाही. अंगणवाडीच्या बाईंनाही दिली नाही, मूळ कार्ड दाखवलं आणि परत पिशवीत ठेवलं.

दाजींनी सत्र न्यायालयात अपील टाकलं. आमच्या उदगीरच्या वकिलानंच टाकलं, फी घेतली नाही, फक्त म्हणाला, वेळ लागेल. त्याच न्यायालयात शेठचंही अपील होतं, आणि त्याला वेळ लागला नाही. महिन्याभरात त्याची शिक्षा अपिलापुरती थांबवली आणि तो बाहेर आला. त्याच्या वकिलानं तिथे सांगितलं की खालच्या कोर्टाचं मन शपथेवर नसलेल्या बायकांच्या बोलण्यानं कलुषित झालं. त्या बायका कुणी आणल्या होत्या, हे त्यानं सांगितलं नाही. त्या वर्षी नांदेडला मांडव पडला नाही. पुढच्या वर्षी पडेल असं लोक म्हणतात.

परवा आमच्या अपिलाची तारीख होती. शेठचीही तीच. कोर्टाच्या बाकावर दाजी बसले होते, पलीकडच्या टोकाला दिवाणजी. शेठ स्वतः आला नव्हता, तब्येत. दिवाणजी बराच वेळ दाजींकडे बघत होता. शेवटी जरा सरकून जवळ आला आणि आपल्या माणसाला बोलावं तसं बोलला.

"काहून हेलपाटे मारायलास, राव? तू तर सुटलास की."

दाजींनी पिकअपच्या मातीनं मळलेले हात मांडीवर पुसले.

"सुटायला न्हाई आलो," ते म्हणाले. "तुमच्या कंपनीतनं नाव काढायला आलोय."

आतून पुकारा झाला. आधी शेठचा. दाजी बाकावरच थांबले.